कार्दोनचं दार

बी खसखशीएवढं. काळं.
फळ कुस्करायचं, गोड गर जिभेला द्यायचा,
उरलेलं जुन्या मोज्यातून गाळायचं.
मग सार्डिनच्या रिकाम्या डब्यात
नदीची रेती, लामाच्या लेंड्यांचा चुरा,
वर काच.
काच घामेजली की समजायचं, चाललंय.

पंधरवड्यात हिरवे ठिपके.
दोन वर्षांनी वाटाणा.
पाच वर्षांनी अंगठा,
तोही माझा नव्हे, यानिनाचा.

उघड्यावर लावलं तर ऊन खातं,
उन्हाने सोडलं तर बकऱ्या.
म्हणून चुर्कीच्या काटेरी झुडपाखाली खोचायचं,
दाईच्या मांडीशी.
पुढे हेच पोर माजतं, मुळं पसरतं,
दाईच्या वाटणीचं पाणी पिऊन टाकतं.
चुर्की वाळून जाते.
यावर मी कुणाला काही म्हणत नाही.

ब्युनोस आयर्सच्या एका बाईने डबा विकत घेतला.
विचारलं, रोज किती पाणी?
म्हटलं, विसरून जा. आठवलंच तर महिन्याने बघ.
तिने फार माया केली.
नाताळापर्यंत कुजलं.

बाबा सांगायचे, कार्दोन दिवसा तोंड उघडत नाही.
ऊन उतरलं, खोऱ्यात गारठा भरला,
की सगळ्या अंगाने श्वास घेतो.
बाबाही तसेच. आनास्तासियो तोलाबा, सुतार.
दिवसभर ओठांत खिळे.
बोलायचे ते रात्री, अंधारात, आईशी,
आणि आम्ही पोरं झोपेचं सोंग घेऊन ऐकायचो
कुठल्या उतारावर कोणता कार्दोन मेलाय,
कुणाचं मांस गळून नुसत्या फासळ्या उभ्या आहेत.
जित्याला कुऱ्हाड लावायची नाही.
मेल्यालाही आधी टोपी काढून विचारायचं.

चॅपेलचं दार त्यांनी केलं, मी सात वर्षांची असताना.
त्या लाकडाला डोळे असतात.
जिथे जिथे काट्यांचे झुबके होते
तिथे तिथे लांबट भोकं.
सकाळच्या प्रार्थनेला फरशीवर उजेडाचे दाणे पडत
आणि मी ते मोजत बसे. देवाकडे लक्ष कमीच.

यंदा फेब्रुवारीत डोंगरावरून चिखल आला.
दाराचा खालचा अर्धा भाग घेऊन गेला.

विल्फ्रेदो, माझा भाचा, खेचर घेऊन हिंडला.
वनखात्याचा कागद, त्यावर शिक्का,
शिक्क्यासाठी तीन खेपा,
आणि मेलेलं झाड काही सापडेना.
उभे होते ते सगळे जिवंत. निर्लज्जपणे जिवंत,
काही तर फुललेले,
पांढऱ्या फुलात डोकं खुपसून हमिंगबर्ड.
मला म्हणाला, मावशी, तुझे डबे काय कामाचे?
म्हटलं, दोनशे वर्षं थांब. देते.

शेवटी ऑगस्टच्या वाऱ्याने एक आडवा केला.
वर, मेंढवाड्याच्या मागे. आधीच वाळलेला.
चिरला, तर माणसाच्या कमरेच्या उंचीवर
हे एवढं गोल भोक.
सुतार पक्ष्याचं घरटं.
आमच्या आधीच एक सुतार येऊन काम करून गेला होता.

विल्फ्रेदो म्हणाला, बुजवतो.
मी म्हटलं, कशाला?
म्हणाला, वारा येईल.
वारा तर येतोच आहे, मी म्हटलं,
इथे कुणी तो बंद ठेवलाय?
दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.
तिसऱ्या दिवशी फळी तशीच ठोकली,
ओठांत खिळे धरून.

एक सांगायचं राहिलं.
कार्दोनला हात फुटायला
साठ-सत्तर वर्षं तरी जातात.
काहींना फुटतच नाहीत, सरळ उभे म्हातारे होतात.

सणाच्या दिवशी दार बंद करून
फादर एलादियो आत मेणबत्त्या लावत होते.
बाहेर आम्ही ताटकळलेलो. ढोल गार पडत चाललेले.
यानिनाने भोकात हात घातला,
खांद्यापर्यंत.
आतून फादरचा आवाज:
अरे, दाराला हात फुटला!
आणि कुणीतरी तो हात हातात घेतला.
तिचं तोंड मी बाहेरून पाहत होते.

घरी येऊन डबे आत घेतले. रात्री बर्फ पडणार होतं.
एकोणीस होते. एक मुंग्यांनी नेला.
अठरा.